अकराचं सँडविच, चारचं सँडविच

वारा होता हो त्या दिवशी, नुसता वारा, कोरडा, धुळीचा, सकाळपासून खिडक्या आपटत होता, दोरीवरचे कपडे एकमेकांच्या गळ्यात पडत होते, आणि लोक म्हणतात वाऱ्याचं काय घेऊन बसलात, पण तुम्हाला सांगतो, माझ्या पोटात सत्तेचाळीस दिवस जो खारा मासा गेला तो त्या वाऱ्यानं घातला, दुसऱ्या कुणी नाही. हसताय तुम्ही. हसा. ज्याच्या घशाखाली गेलाय त्याला विचारा.

झालं असं की... आधी माझं काम सांगतो, नाहीतर बादलीचा उलगडा व्हायचा नाही. मी खुर्च्या विणतो, वेताच्या. बसून बसून ज्यांची बैठक फाटते, मध्ये भोक पडतं, त्या खुर्च्या लोक धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे आणतात, मी जुना वेत कापून काढतो आणि नवा ओढतो. कोरडा वेत विणता येत नाही, तो मोडतो, तासभर पाण्यात ठेवावा लागतो, आणि माझी खोली ही एवढी, पाय पसरले तर भिंतीला लागतात, म्हणून वेताची बादली मी दाराबाहेर ठेवतो, जिन्यासमोर. त्या दिवशी भिजलेला वेत उचलायला बाहेर आलो, अंगात बनियन, हातात ओला वेत, आणि मागे वाऱ्यानं दार लावून घेतलं. किल्ली आत. चप्पल आत. सदरा आत. दुसरी किल्ली मुलीकडे, मुलगी कामावर, ती येणार सहाला, आणि वाजलेत अकरा. आता काय करणार? बसलो पायरीवर, वेत मांडीवर घेऊन, जसं काही मी रोज तिथेच बसतो.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

समोर आठच दिवसांपूर्वी एक म्हातारा राहायला आला होता. माझ्याच वयाचा, उंच, जरा वाकलेला, आणि सगळा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेलेला. दुकानातले काटे, टपालातले, दवाखान्यात तान्ही पोरं ठेवतात ते. त्याला मी काटेवाला म्हणतो, तो मला खुर्चीवाले म्हणतो, आणि खरी नावं आम्ही एकमेकांना अजून विचारलेली नाहीत, आता विचारायची लाज वाटते. त्याचे लोक वेगळे, माझे लोक वेगळे. कुठले ते राहू द्या. एवढंच सांगतो, की त्याच्या आईनं त्याला जे भरवलं ते माझ्या आईनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं, आणि माझ्या आईनं मला जे भरवलं त्यानं त्याची आई डोळे पुसत अंगणात पळाली असती.

तर त्यानं मला आत नेलं, स्वतःचा कोट माझ्या अंगावर घातला, टेबलाशी बसवलं, आणि म्हणाला, काहीतरी खाऊन घ्या. माणूस चांगला. तिथेच घोळ. वाईट माणसाच्या घरचं आपण खात नाही, त्यामुळे त्रास नसतो.

आता तुम्हाला सांगतो त्यानं काय केलं. काळा पाव काढला, विटेसारखा, वजनदार. त्याला बोटभर जाड लोणी लावलं, गार. त्यावर मिठात मुरवलेला मासा, कच्चा, तोही गार. त्यावर आंबवलेल्या काकडीच्या चकत्या. इथवर मी धीर धरला. म्हटलं असेल, असतं एकेकाचं. मग त्यानं कपाटातून बरणी काढली आणि त्या माशावर चमचाभर गोड जॅम फासला. जॅम. माशावर. एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत, अगदी कोपऱ्यांत पोचेल असा. वर दुसरा पाव ठेवून तळव्यानं दाबला, आणि कोनाकोनी असं कापलं की दोन्ही तुकडे काट्यात टाकले असते तर काटा हलला नसता.

माझ्या डोक्यात गार अन्न म्हणजे उरलेलं अन्न. पाहुण्याला गार वाढलं तर तो मनात म्हणणार, मी नको होतो यांना. आणि त्याच्या डोक्यात, हे मला पुढे कळलं, गरम सँडविच म्हणजे काहीतरी लपवाछपवी. आतलं शिळं असलं की ते तापवतात म्हणे. गार असलं की जे आहे ते समोर आहे. आता यात कोण बरोबर? मला विचाराल तर मी. त्याला विचाराल तर तो.

बरं, मी खाल्लं कसं? औषध घेतात तसं. श्वास धरून, न चावता, चार घासांत, म्हणजे लवकर संपेल. डोळ्यांत पाणी आलं. मान वर केली तर त्याच्याही डोळ्यांत पाणी. म्हणाला, बहीण वारल्यापासून माझ्या हातचं इतक्या आवडीनं कुणी खाल्लं नव्हतं.

आता नाही कसं म्हणायचं? तुम्हीच सांगा.

संध्याकाळी मुलगी किल्ली घेऊन आली, दार उघडलं, मी सुटलो म्हणून श्वास घेतोय तर काटेवाला मागून आला, हातात ताटली, वर रुमाल. रुमालाखाली काय, ते सांगत नाही. तुम्हाला कळलंय.

ते मी दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्लं. का खाल्लं? टाकलं का नाही? कुठे टाकणार? कचऱ्याचा डबा खाली अंगणात, बरोबर त्याच्या खिडकीखाली, आणि तो दिवसभर खिडकीत. शिवाय अन्न टाकायला माझा हात उठत नाही, लहानपणी उपाशी राहिलेल्या माणसाचा उठत नाही.

ताटली धुतली. पुसली. आणि आता खरी चूक, ती माझी, कबूल करतो. माझ्या आईची शिकवण अशी, की दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर ठेव म्हणायची, पण रिकामं देऊ नकोस, रिकामं भांडं तोंडावर मारल्यासारखं लागतं. म्हणून मी माझं सँडविच केलं. चार हिरव्या मिरच्या, सहा लसणाच्या पाकळ्या, खलबत्त्यात कुटायच्या, तेलात परतायच्या, खकाणा उठून शिंका आल्या की झालं समजायचं. मऊ पावाला आतून चोळायचं, मध्ये कच्चा कांदा, आणि तव्यावर दाबून दोन्हीकडून लाल होईतो शेकायचं. मीठ नाही घालत, बीपीमुळे मीठ मी केव्हाच सोडलं, आणि मिरची असली की मिठाची आठवण येत नाही. बायको करायची हे. ती गेली, तवा राहिला.

चार वाजता धूर निघत असलेली ताटली घेऊन मी त्याच्या दारात. त्यानं बसवून घेतलं. पहिला घास घेतला. आधी कान लाल झाले, मग मान, मग तो उठला आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला, मला वाटलं पक्षी बघतोय. मग येऊन बसला आणि उरलेलं सगळं खाल्लं. म्हणाला, फार छान. आवाज बसला होता त्याचा, मला वाटलं भारावलाय.

मी परत आलो, हात झटकले. ताटली त्याची त्याला गेली, विषय संपला. आणि दुसऱ्या दिवशी अकराला दारावर टकटक. काटेवाला. तीच ताटली. भरलेली.

त्याच्याकडची रीत काय, तर कुणी भरलेलं भांडं आणून दिलं की दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत त्याची परतफेड करायची, नाही केली तर समोरच्यानं समजायचं, हे रुसले. आता बघा कसं अडकलं ते. मी रिकामी देऊ शकत नाही, तो भरलेली ठेवून घेऊ शकत नाही. अकराला त्याचं माझ्याकडे, चारला माझं त्याच्याकडे, मध्ये ती एक ताटली, जिना न उतरता रोज चार पावलं जाते आणि चार पावलं येते. आणि हे मला तेव्हा माहीत नव्हतं, हं. मी समजत होतो, याला माझी मिरची इतकी आवडली की मासा देऊन घेतोय. तो समजत होता, याला माझा मासा इतका आवडला की मिरची देऊन घेतोय. आणि एक खात असला की दुसरा ते संपेपर्यंत समोर बसून बघायचा.

आता तुम्ही म्हणाल, तोंड आहे ना, बोलायचं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईही तेच म्हणाल्या. त्या माझी कागदपत्रं वाचून देतात, मला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. म्हणाल्या, त्यात काय एवढं, सरळ सांगा नको म्हणून, मासा आणि गोड हे कुणाच्या बापानं एकत्र केलं होतं का. आणि हे म्हणताना बाई स्वतः काय खात होत्या? पावात केळं आणि चीज. वर मिरपूड. ज्याला त्याला आपलं सोडून बाकीच्यांचं विचित्र वाटतं, हे मी त्या जिन्यातच शिकलो.

पण सांगायचं कसं? कारण नुसतं सँडविच नव्हतं ना येत. तो येत होता. स्टुलावर बसून बोलायचा. कुठला दुकानदार काट्याच्या पारड्याखाली मेण लावायचा, काटा चुकतोय हे तो नुसत्या आवाजावरून कसं ओळखायचा, तान्ही पोरं काट्यात ठेवली की कशी गप्प होतात. मी त्याला सांगायचो, फाटलेली बैठक बघून मला कळतं बसणारा कसला आहे. डावीकडे झिजलेली असली की खिडकी डावीकडे आहे आणि माणूस कुणाची तरी वाट बघतो. पुढची कड गेली असली की तो कधी टेकून बसलेलाच नाही, सतत उठायच्या बेतात. काटेवाला ऐकायचा हो, मन लावून. बायको गेल्याला चार वर्षं झाली, चार वर्षांत माझ्या दारावर जो आला तो खुर्ची घेऊन आला आणि खुर्ची घेऊन गेला. हा पहिला माणूस हात भरून आला आणि बसला. मासा नको म्हटलं आणि माणूसही गेला तर?

आता नाही कसं म्हणायचं? तुम्हीच सांगा.

बाराव्या दिवशी मुलगी मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली, महिन्याची तपासणी असते. बीपीचा आकडा एकशे पंचेचाळीस असायचा, तो निघाला एकशे पासष्ट. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मीठ खाता का, मी म्हटलं, चिमूटभरही नाही. खोटं नव्हतं, मी मीठ घेतच नव्हतो, मासाच घेऊन येत होता. मुलीनं मला जिने चढवून घरी आणलं. वर आल्यावर मला धाप लागलेली बघितली, आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या तपासणीला हा आकडा खाली आला नाही, तर तुम्ही माझ्याकडे राहायला यायचं. मी यापुढे विचारणार नाही."

मुलगी गुणाची आहे, जावई भला आहे. त्यांच्याकडे लिफ्ट आहे, गरम पाणी आहे. पण तिथे मी गेलो की जावई टीव्ही बंद करून ताठ बसतो. नातवंडं आपली खोली मला देऊन बैठकीत झोपतात आणि तोंडावर हसतात. बादली कुठे ठेवू म्हटलं तर मुलगी म्हणाली, आता बादली कशाला, बाबा. म्हणजे बघा, एक आकडा. तो उतरला तर माझी खोली माझी, वेत माझा, स्टूल माझं. नाही उतरला तर मी आयुष्यभर कुणाचातरी पाहुणा.

आणि अकरा वाजले की टकटक.

मग मी उपाय केले. करणारच ना. पहिला उपाय, दार उघडायचंच नाही. अकराला टकटक झाली, मी श्वास रोखून बसलो. पुन्हा टकटक. मग शांतता. मला वाटलं गेला. तो दाराला कान लावून उभा होता हो, काट्याचा आवाज ऐकणारा माणूस, त्याला माझा श्वास ऐकू आला. आणि त्यानं काय समजावं, की मी आत पडलोय. शिंपीणबाईंना हाक मारली, पहारेकरी वर आला, पहार घेऊन आला, दाराच्या फटीत पहार घातली तेव्हा मी उघडलं. म्हटलं, अंघोळ करत होतो. पूर्ण कपड्यांत, कोरडा ठक्क. काटेवाल्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्या दिवशी मी दोन खाल्ली.

दुसरा उपाय, मांजर. आमच्या जिन्यात एक मांजर असतं, वाट्टेल ते खातं, मेण खाताना मी बघितलंय. एकदा ते दारात आलं होतं, काटेवाला हात धुवायला उठला तेवढ्यात अर्धा तुकडा मी मांजरापुढे टाकला. मांजरानं वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मग पंजानं फरशी खरवडायला लागलं, घाण केल्यावर वर माती ओढतात तसं. माती नव्हती तरी ओढत राहिलं. मी तुकडा उचलला, झटकला, खाल्ला. काय करता.

तिसरा उपाय मात्र माझ्या अकलेतून निघाला आणि त्यानंच मला बुडवलं. म्हटलं, आपण नको म्हणू शकत नाही ना, मग त्यालाच नको म्हणायला लावू. चार मिरच्यांच्या सहा केल्या. तो खिडकीशी उभा राहिला, आला, संपवलं, फार छान. आठ केल्या. फार छान. अकरा मिरच्या घातल्या त्या दिवशी मला स्वतःला कुटताना दम लागला, तव्याच्या धुरानं शिंपीणबाई खालून ओरडल्या. काटेवाला खाऊन अर्धा तास एक अक्षर बोलला नाही, नुसता हात हलवत होता, छान, छान. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या सँडविचात माशाचे दोन थर. मग तीन. जॅम डबल. का, तर तो बघत होता की माझ्याकडून दिवसेंदिवस जास्त येतंय, मग त्यानं मागे कसं राहायचं? तराजूवाला माणूस, एक पारडं जड झालं की दुसऱ्यात घालणारच. मी मिरची चढवली, त्यानं मीठ चढवलं, आणि बीपी माझं चढलं.

आता नाही कसं म्हणायचं? तेव्हा म्हणायला पाहिजे होतं, मान्य. पण तेव्हा तर आम्ही एकमेकांचा इतका मान राखत होतो, की मधून माणूस जाईल एवढीसुद्धा फट राहिली नव्हती.

असे दिवस गेले आणि सत्तेचाळिसावा दिवस उजाडला. तपासणी. मुलीनं अर्धी रजा टाकलेली, आणि येताना रिकामी बॅग घेऊन आलेली, मोठी, चाकांची. खोलीत ठेवली भिंतीशी. मला त्या बॅगेच्या तोंडाकडे बघवेना.

दवाखान्यात गेलो. एकच बाक आहे तिथे. बाकावर कोण बसलंय? काटेवाला. पोटावर दोन्ही हात, चेहरा भिंतीसारखा. मला बघून ताठ झाला. मी विचारलं, इकडे कुठे. म्हणाला, गुडघा. त्यानं विचारलं, तुम्ही. मी म्हटलं, चष्मा. तिथे चष्म्याचं काहीच नसतं, आणि तो हात पोटावरून गुडघ्यावर न्यायचा विसरला होता. मुलगी मधे बसून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. आम्ही तिघंही समोरच्या भिंतीवरचं चित्र बघायला लागलो, दातांचं.

त्याला आत बोलावलं. आत म्हणजे काय, मधे नुसता पडदा. डॉक्टरीणबाईंचा आवाज खणखणीत. म्हणाल्या, दीड महिन्यात तुम्ही तिसऱ्यांदा आलात, गोळ्यांनी पोटाची आग जात नाही म्हणजे रोज काहीतरी पोटात जातंय. तिखट खाता का? आणि मी ऐकतोय.

"मी साधंच खातो, बाई," काटेवाला म्हणाला. "पाव, लोणी."

पाव-लोण्यानं पोट असं सोलून निघत नाही म्हणाल्या त्या. खरं काय ते सांगितलं नाहीत तर घशातून नळी घालून आत बघावं लागेल, फार त्रास होतो त्याचा तुमच्या वयात, विचार करा. मी पडद्याकडे बघतोय. म्हटलं, सांग रे बाबा, सांग, माझं नाव घे. आणि तो सावकाश म्हणाला, "मग घाला नळी."

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात कुणाच्या मधे बोललो नाही. ज्यानं जी खुर्ची दिली ती विणली, ज्यानं जे वाढलं ते खाल्लं. पण त्या क्षणी मी उठलो, मुलीनं सदरा धरला तो सुटला, पडदा बाजूला केला आणि आत जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "डॉक्टरीणबाई, नळी नको. ते मी करतो. रोज चारला. अकरा मिरच्या."

काटेवाला उठून बसला. डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग म्हणाल्या, आणि तुम्हाला तो मोबदल्यात काय देतो? मागून मुलगी आली होती, तिनंच सांगितलं, बाबांच्या अंगाला महिनाभर माशाचा वास येतोय, मला वाटलं खुर्च्यांचा. काटेवाल्यानं सांगून टाकलं, खारा मासा, रोज, तीन थर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खारा मासा? रोज? तीन थर? आणि हातानं तोंड झाकून थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. सगळे खिडकीकडेच बघतात.

पण काटेवाला माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "मासा तुम्हाला आवडत नव्हता?"

ज्यासाठी मी दीड महिना जीव मुठीत धरून होतो तो प्रश्न हा. मुलीसमोर, डॉक्टरीणबाईंसमोर, पळायला जागा नाही. माझ्या तोंडून आलं, "नाही."

एवढासा शब्द. त्यानं मान खाली घातली. मला वाटलं गेला हा माणूस आपल्या हातून. मग त्यानं मोठा श्वास सोडला, पोटावरचे हात सैल केले, आणि म्हणाला, "मिरचीसुद्धा."

माझा आकडा निघाला एकशे अठ्ठ्याहत्तर. मुलगी बॅगेच्या गोष्टीवर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा, एक महिना द्या यांना, औषध मी बदलत नाही, फक्त या दोघांनी एकमेकांना खाऊ घालणं बंद करायचं. मिरचीनं याला काही होत नाही, माशानं त्याला काही होत नाही, ज्यानं त्यानं आपलं आपलं खावं, तुम्हाला जन्मभर जे सोसलं तेच सोसणार. मुलीनं महिना दिला. बॅग मात्र भिंतीशी तशीच.

सुटलो, नाही? मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. टकटक नाही. मी वेत ओढत बसलो. चार वाजले. मी उठलो, हात धुतले, आणि मग आठवलं की कुठे जायचं नाहीये. त्याच्या दारामागे खोकल्याचा आवाज यायचा. माझ्या दारामागे खुर्ची सरकायची ती त्याला ऐकू जात असणार. पण हातात काही नसताना दुसऱ्याच्या दारात उभं कसं राहायचं, हे आम्हा दोघांनाही येत नव्हतं. जाऊन म्हणायचं काय? आलो म्हणायचं? कशाला आलात म्हटलं तर?

तिसऱ्या दिवशी मी माझं सँडविच केलं, चार मिरच्यांचं, माझ्यासाठी, आणि खोलीत धूर झालाय असं स्वतःलाच सांगून बाहेर पायरीवर जाऊन बसलो. दोन घास खाल्ले असतील. समोरचं दार उघडलं. काटेवाला बाहेर आला, हातात त्याचा काळा पाव, मासा, जॅम, सगळं. म्हणाला, खोलीत उकडतंय. मी सरकलो. तो बसला. मी माझं खाल्लं, त्यानं त्याचं. कुणी कुणाकडे बघितलं नाही. मग तो मेणाच्या दुकानदाराची गोष्ट पुन्हा सांगायला लागला, आणि मी पहिल्यांदाच ऐकतोय असं ऐकली.

महिनाभर हेच. त्याच्या पोटाची आग विझली, गाल भरले. मला जिना चढताना धाप कमी झाली. तपासणीला आकडा निघाला एकशे चाळीस. मुलीनं दोनदा बघायला लावला. मग घरी आली, बॅग उचलली, आत दोन जुने सदरे टाकले, म्हणाली, हे धुऊन आणते, आणि रिकाम्यासारखीच बॅग घेऊन जिना उतरली. जाताना म्हणाली, राहा इथेच. मी दार लावलं, वेताच्या बादलीत हात घातला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

तर आता काय तक्रार, म्हणाल तुम्ही. सगळं छान झालं. तेच तर सांगतोय. काल सकाळी अकराला आम्ही पायरीवर बसलो होतो. मी माझं सँडविच हातात घेतलं, गरम, लाल, धूर निघतोय. घास घेतला. चांगलं होतं. नुसतं चांगलं. दुसरा घास घेतला आणि जिभेच्या कडेला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं, खारट, गार, वर जरा गोड. मी स्वतःवर रागावलो. म्हटलं, म्हाताऱ्या, शहाणा हो, आत्ता कुठे खोली राहिली तुझी. नजर समोर भिंतीवर ठेवली. पण नजरेला कोण बांधून ठेवणार, ती आपली हळूच त्याच्या पावाकडे.

आणि त्याची माझ्या पावाकडे.

बघितलं मी त्याला बघताना. त्यानं बघितलं मला बघताना. डॉक्टरीणबाई डोळ्यांसमोर आल्या, ती चाकांची बॅग आली, नळी आली, एकशे अठ्ठ्याहत्तर आला. मनातल्या मनात मी नाही, नाही, नाही असं तीनदा म्हटलं, आता सवय झालीय मला त्या शब्दाची. आणि काटेवाल्यानं सुरी काढली, त्याचं सँडविच कोनाकोनी, अगदी सारखं कापलं, जिन्यात वर-खाली कुणी नाही ना बघितलं, आणि खालच्या आवाजात मला म्हणाला, "तुमचा अर्धा इकडे द्या, खुर्चीवाले. अर्ध्यानं दुखणंही अर्धंच होतं."